दुखणं जात नाही तेव्हा : ध्यान, नवस आणि मुंबई

एमआरआय होतो, 'मणक्यात थोडा गॅप आहे' असं ऐकून होतं, बेल्ट लावून होतो, फिजिओकडे महिनोन्‌महिने खेपा होतात आणि तरी कंबर दुखतच राहते. मुंबईत अशी माणसं दर इमारतीत भेटतील. त्यांतली बरीच जण कधी ना कधी, कुणाच्या तरी सांगण्यावरून, दादरच्या मठात, माउंट मेरीच्या पायऱ्यांवर किंवा इगतपुरीच्या शिबिरात पोचतात. घरातली शिकलीसवरलेली मुलं वैतागतात. कंबरेच्या दुखण्यात देव काय करणार, हा त्यांचा सवाल रास्त आहे. त्याच्या उत्तराचे बरेचसे धागेदोरे याच शहरात सापडतात.

सगळ्यांत जुनी वाट नवसाची. बांद्र्याच्या माउंट मेरीला सप्टेंबरातल्या जत्रेत मेणाचे हात, पाय, गुडघे, डोकी विकायला असतात. ज्याचा जो अवयव दुखतो तो त्यानं मातेपुढे ठेवायचा. रांगेत ख्रिस्ती असतात तेवढ्याच निवांतपणे हिंदू आणि पारशीही उभे असतात. माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेलाही तीच मिश्र गर्दी. यात मागणं सरळ आहे: दुखणं घे, मी अमुक देईन. या व्यवहाराला हसू नये. ज्याला दहा डॉक्टरांनी 'रिपोर्ट नॉर्मल आहेत' म्हणून परत पाठवलंय, त्याचं दुखणं खरं मानणारी ही पहिली जागा असते.

दुसरी वाट विसाव्या शतकात निघाली. योगी माधवदासजी महाराजांचे दोन शिष्य पुढे योगाला आजारपणाच्या खोलीत घेऊन आले. त्यांतले एक श्री योगेंद्र. त्यांनी 1918 साली वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट सुरू केली. ती आज सांताक्रूझला आहे. दुसरे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. त्यांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, आसनं करणाऱ्यांच्या शरीरात काय घडतं ते उपकरणं लावून मोजलं आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकातून छापलं. पुढे चौपाटीजवळही त्यांचं केंद्र उभं राहिलं. दोघांनी योग गुहेतून काढून संसारी माणसाच्या दम्यापर्यंत, पाठीपर्यंत आणला, हे मोठंच काम. पण त्यात मोक्ष हळूहळू कडेला गेला आणि आसनं मधोमध आली. आजच्या 'पाठदुखीसाठी पाच आसनं'वाल्या व्हिडिओंचं मूळ कुठे तरी तिथेच असावं, असं मला वाटतं.

नेमका हाच मुद्दा केईएम रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वाहिया यांनी तपासायला घेतला. ही गोष्ट मुंबईकरांनाही फारशी ठाऊक नाही. साठ-सत्तरच्या दशकांत त्यांनी सहकाऱ्यांसह पतंजलीच्या कल्पनांवर आधारलेली उपचारपद्धती तयार केली. आसन, प्राणायाम, प्रत्याहार (इंद्रियं आत वळवणं), धारणा (मन एका जागी टिकवणं) आणि ध्यान या पायऱ्या रोज, काही आठवडे. रुग्ण मनोविकारांचे आणि मनोकायिक, म्हणजे मनातल्या ताणानं शरीराला जडणाऱ्या तक्रारींचे. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला वरवर तशाच दिसणाऱ्या हालचाली आणि श्वसन दिलं, पण आतला, मन आवरण्याचा भाग वगळून. पूर्ण पद्धत करणाऱ्यांना जास्त फायदा झाला, असं त्यांनी नोंदवलं. आजच्या कसोट्यांवर ते प्रयोग लहान ठरतील. तरी परळच्या पालिकेच्या इस्पितळात कुणीतरी विचारत होतं, की नुसतं अंग वळवून भागतं का? पश्चिमेत 'माइंडफुलनेस', म्हणजे सजगतेच्या ध्यानाची लाट यायला तेव्हा अजून अवकाश होता.

आणि मग सत्यनारायण गोएंका. या विषयात त्यांच्याइतकी बोलकी कहाणी दुसरी नाही. ब्रह्मदेशातल्या मंडालेत वाढलेला हा मारवाडी व्यापारी तिशीतच अर्धशिशीनं हैराण झाला होता. झटका आला की मॉर्फिनच्या इंजेक्शनाशिवाय उतरायचा नाही. युरोप, अमेरिका, जपान इथले डॉक्टर करून झाले; डोकं तर राहिलंच, वर मॉर्फिनची सवय लागण्याची भीती. रंगूनमध्ये सयाजी ऊ बा खिन विपश्यना हे बौद्ध ध्यान शिकवत. हे गृहस्थ साधू नव्हते, सरकारी नोकरीत अकाउंटंट जनरल होते. गोएंकांनी डोकेदुखीसाठी यायचंय असं सांगितलं, तेव्हा त्यांनी चक्क नकार दिला: डोकं दुखतंय म्हणून येणार असाल तर ही विद्या त्यासाठी नाही, मन शुद्ध करायला या, दुखणं गेलं तर त्याच्याबरोबर जाईल. कट्टर सनातनी घरातल्या गोएंकांना बौद्ध ध्यानाकडे जाण्याची धाकधूक होतीच. 1955 मध्ये ते शिबिराला बसले, दुसऱ्याच दिवशी पळून जायच्या बेतात होते, पण राहिले. अर्धशिशी गेली, आणि पुढची चौदा वर्षं ते गुरूपाशी शिकत राहिले.

1969 मध्ये ते भारतात आले, त्यालाही कारण दुखणंच. मुंबईत राहणाऱ्या त्यांच्या आईला मज्जासंस्थेचा विकार होता. जुलैमध्ये पंचायतीवाडीच्या धर्मशाळेत पहिलं दहा दिवसांचं शिबिर झालं. बसणारे 14 जण, त्यांत त्यांचे आईवडील. सत्तरच्या दशकात इगतपुरीचं धम्मगिरी सुरू झालं, आणि 2009 मध्ये गोराईच्या पॅगोडाचं उद्‌घाटन झालं.

शिबिरात बसलेल्याला ठाऊक असतं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी गुडघे आणि पाठ अक्षरशः पेटतात. सूचना एवढीच: हलू नका, हाकलू नका, नुसतं बघा, बदलतंय का ते बघा. नवसात मागायचं असतं, इथे मागायचंच नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची कळ इथे आहे. ज्यांना आराम पडला त्यांतल्या अनेकांना तो दुखण्याशी चाललेली झटापट थांबल्यावर पडला.

डॉक्टरांच्या जगात हीच गोष्ट वेगळ्या दारानं आली. 1965 मध्ये वेदनेचे अभ्यासक मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं की वेदनेचा संदेश जसाच्या तसा मेंदूत पोचत नाही. मज्जारज्जूत त्याची वाट कमीजास्त उघडते आणि मेंदूही त्यात ढवळाढवळ करतो. 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी बौद्ध ध्यान धर्माची चौकट काढून रुग्णालयात आणलं. त्यांच्याकडे येणारे बहुतेक जण नेहमीच्या उपचारांनी न सुधारलेले जुनाट दुखण्याचे रुग्ण होते. न्यूयॉर्कचे डॉ. जॉन सार्नो तर म्हणत की बऱ्याच पाठदुखीचं मूळ दाबलेल्या रागात आणि ताणात आहे. सहकाऱ्यांनी त्यांना कधी जवळ केलं नाही, त्यांचं स्पष्टीकरणही सगळं टिकलं नाही. पण 1994 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी पाठ न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले, तेव्हा निम्म्याहून थोड्या जास्त लोकांच्या मणक्यातली चकती फुगलेली निघाली. म्हणजे 'गॅप' दिसतोय एवढ्यावरून तोच दुखतोय असं ठरत नाही. आणि अलीकडे, 2021 मध्ये, कोलोरॅडोतल्या 151 पाठदुखीच्या रुग्णांवरच्या चाचणीत काहींना शिकवलं की तुमची पाठ मोडलेली नाही, मेंदूची धोक्याची घंटा विनाकारण वाजतेय. चार आठवड्यांनी त्या गटातले 66 टक्के वेदनामुक्त किंवा जवळपास वेदनामुक्त होते. नेहमीचेच उपचार चालू असलेल्यांत हे प्रमाण 10 टक्के होतं.

या उपचारात देव कुठेच नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मग अध्यात्माचं काम काय? भीती सोड असं सांगणं सोपं. ती कशाच्या आधारावर सोडायची? श्रद्धाळू माणसाकडे तो आधार तयार असतो. ऑक्सफर्डमधल्या एका प्रयोगात विजेचे छोटे झटके देताना समोर मरियमचं चित्र ठेवलं, तर कॅथलिकांना दुखणं कमी जाणवलं, नास्तिकांना फरक पडला नाही; श्रद्धाळूंच्या मेंदूत वेदनेला आवर घालणारा भाग जागा झालेला दिसला. वडाळ्याच्या विठ्ठलाला आषाढीला लागणारी रांग आणि लोकलच्या डब्यात टाळ घेऊन चाललेलं भजनी मंडळ यांचं मोजमाप कुणी करत नाही. पण तिथेही काही घडत असावं: चार माणसांत बसणं, गाताना लांबणारा श्वास, तासभर दुखऱ्या गुडघ्याचा विसर.

याची दुसरी बाजू काळी आहे. धर्म आणि मन यांचा अभ्यास करणारे केनेथ पार्गमेंट यांनी दाखवलं की देव सोबत आहे असं मानणारा सावरतो, आणि देव शिक्षा करतोय असं मानणाऱ्याची अवस्था बिघडते. आपल्याकडे हे सांगायला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लागू नये. 'मागच्या जन्मीचे भोग आहेत, भोगूनच संपवायचे' हे वाक्य सांधेदुखीनं जागणाऱ्या बाईला कितीदा ऐकवलं जातं! त्यात दिलासा कुठला? दुखण्याच्या डोक्यावर वर अपराधाचं ओझं. तुकारामबुवांनीही विठ्ठलाशी भांडण मांडलं होतं, हे अशा वेळी सोयीस्कर विसरलं जातं.

एक फरक मात्र ठेवला पाहिजे. बांद्र्यात 1986 मध्ये सुरू झालेलं शांती अवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी जागा. तिथलं दुखणं कर्करोगाचं. तिथे औषध आणि प्रार्थना शेजारी-शेजारी असतात, प्रार्थना औषधाची जागा घेत नाही. म्हणून ध्यानाकडे वळण्याआधी तपासण्या होऊ द्याव्यात. अकारण घटणारं वजन, ताप, पायातली ताकद जाणं, मांड्यांमध्ये बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणं यांतलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, तेही लगेच. विपश्यनेच्या नियमावलीतही ऊ बा खिन यांचीच अट अजून आहे: ही साधना रोग बरा करण्यासाठी नाही, मनोकायिक दुखणी गेली तर ती तिची आनुषंगिक फळं. शिबिराच्या अर्जात आजारांची आणि चालू औषधांची माहिती विचारतात. गंभीर मनोविकार असलेल्यांना न येण्याचा सल्ला दिला जातो, आणि पाठदुखीवाल्यानं आधीच सांगितलं तर बसायला खुर्ची मिळते.