संथ उष्ण हवेच्या चित्रमापनाची पार्श्वभूमी

स्वस्थ उभ्या असलेल्या माणसाच्या अंगाच्या उबेने त्याच्याभोवतीची हवा सेकंदाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटर वेगाने वर सरकते. सभागृहात किंवा विमानाच्या केबिनमध्ये असे अनेक प्रवाह एकमेकांत मिसळतात. ते मोजायला तापवलेल्या तारेचा वेगमापक लावला, तर तारेच्या उष्णतेने उठणारी हवाच मापात शिरते. शिवाय ते माप एकाच बिंदूचे असते.

छायाचित्राचा मार्ग त्यामानाने जुना आहे. तापलेल्या हवेतून जाताना प्रकाश किंचित वळतो, या तत्त्वावर जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ऑगस्ट टोप्लर यांनी 1860च्या दशकात श्लीरेन पद्धत उभी केली. तिच्यात मेणबत्तीवरची हवा स्वच्छ दिसते, पण दिसणे आणि मोजणे यांत अंतर होते. ते पार्टिकल इमेज व्हेलॉसिमेट्रीने मिटवले. हे नाव 1984मध्ये रूढ होऊ लागले आणि 1991मध्ये विलर्ट व घारीब या संशोधकांनी तिला डिजिटल रूप दिले. हवेत कण सोडायचे, अल्पशा अंतराने दोन चित्रे घ्यायची आणि कणसमूह किती सरकले यावरून वेग काढायचा, एवढीच तिची रीत.

खरी अडचण कॅमेऱ्याची नव्हे, कणांची होती. मायक्रॉनभर (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या) आकाराचे तेलाचे थेंब हवेबरोबर इमानाने जातात, पण इतका कमी प्रकाश परावर्तित करतात की काही मीटरचे क्षेत्र उजळताना लेसरही कमी पडतो. थेंब 10 मायक्रॉनचा केला, तर तो सेकंदाला जवळपास 3 मिलिमीटर खाली बसतो, आणि अतिसंथ प्रवाहात ही चूक नगण्य राहत नाही.

उत्तर मिळाले ते हेलियम भरलेल्या साबणाच्या फुग्यांत. सुमारे 3 मिलिमीटर व्यासाच्या फुग्याचे पटल अर्धा मायक्रॉन जाड असेल, तर पटल आणि हेलियम यांचे मिळून वजन त्याने बाजूला सारलेल्या हवेइतकेच भरते. हवा तापली की फुगाही त्याच प्रमाणात फुगतो, त्यामुळे हा तोल ढळत नाही; उष्ण प्रवाहांसाठी याहून सोयीचा कण सुचणे कठीण. जर्मनीत गटिंगन येथील डीएलआर या जर्मन अवकाश-संशोधन संस्थेच्या संशोधकांनी 2009मध्ये हे तंत्र मोठ्या क्षेत्रावरील अभिसरण (उष्णतेने उठणाऱ्या हवेच्या) प्रवाहांसाठी मांडले. मात्र पटलातून हेलियम हळूहळू झिरपतो, फुगा हवेच्या मानाने जड होत जातो आणि अखेर फुटतो. म्हणून प्रयोग चालू असताना नवे फुगे सोडत राहावे लागतात.