संशय आणि विश्वास (ख्रिस्ती जीवनातील)

देव, त्याची अभिवचने किंवा स्वतःचे तारण यांविषयी ख्रिस्ती माणसाचे मन दोन बाजूंना ओढले जाते, त्या अवस्थेला संशय म्हणतात. विश्वास सोडून देणे म्हणजे अविश्वास. संशय त्याच्याहून वेगळा आहे. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे अनेक प्रामाणिक माणसांनी स्वतःला उगाच विश्वासातून बाद ठरवले आहे.

मराठी बायबलमधला ‘विश्वास’ हा शब्द ग्रीक ‘पिस्तिस’साठी येतो. एखादे विधान खरे मानणे एवढाच त्याचा अर्थ नाही. कोणावर तरी भिस्त ठेवणे हा अर्थ त्यात अधिक ठळक आहे. हिब्रू ‘एमुना’च्या मुळाशी पक्के, टिकाऊ असण्याची कल्पना आहे आणि प्रार्थनेच्या शेवटचा ‘आमेन’ त्याच धातूतून आला आहे. विश्वास म्हणजे भिस्त हे एकदा लक्षात आले की संशयाची जागाही कळते. ज्याने कोणावर भार टाकलेलाच नाही, त्याला तो पेलला जाईल की नाही याची धाकधूक नसते. धाकधूक भार टाकणाऱ्याला असते.

मत्तयाच्या शुभवर्तमानात संशयासाठी ‘दिस्ताझो’ हे क्रियापद आहे. त्यात ‘दोन’ या अर्थाचा अंश असून दोन ठिकाणी उभे राहणे असा त्याचा भाव आहे. नव्या करारात ते दोनदाच येते. येशूचा शिष्य पेत्र पाण्यावरून चालत असताना वारा पाहून भितो आणि बुडू लागतो, तेव्हा येशू आधी हात धरतो आणि मग “अल्पविश्वासी, तू संशय का धरलास?” असे विचारतो. दुसरे ठिकाण गालीलातल्या डोंगरावरचे. पुनरुत्थित येशूला पाहून अकरा शिष्य त्याला नमन करतात, ‘तरी काहींना संशय वाटला’. नमन आणि संशय एकाच वाक्यात आहेत. लेखकाने ते वाक्य गाळले असते तर प्रसंग अधिक भव्य दिसला असता, पण त्याने ते ठेवले. सर्व राष्ट्रांत जाण्याची आज्ञा त्यानंतर लगेच येते, आणि ऐकणाऱ्यांमधून संशय आलेल्यांना बाजूला काढल्याचा उल्लेख नाही.

या विषयाचे सर्वांत बोलके चित्र मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आहे. एका माणसाच्या मुलाला लहानपणापासून झटके येतात. तो कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. शिष्यांकडून काही झालेले नाही, भोवती वाद चालला आहे, आणि बाप म्हणतो, “आपल्याला काही करता येत असेल तर आमच्यावर दया करा.” ‘येत असेल तर’ या शब्दांवर येशू त्याला अडवतो. तेव्हा तो ओरडून सांगतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. हे एका दमात म्हटलेले वाक्य आहे. आधी विश्वास पुरा करून ये, असे त्याला कोणी सांगत नाही. मुलगा बरा होतो. बापाने आपला अविश्वास लपवला नाही आणि तो दुसऱ्या कोणाला न सांगता थेट येशूच्याच पुढ्यात ठेवला. पुढची बहुतेक ख्रिस्ती शिकवण याच कृतीभोवती फिरते.

जुन्या करारात ही रीत आधीपासून आहे. स्तोत्र १३ ‘कुठवर?’ असा प्रश्न पुन्हा पुन्हा करते. स्तोत्र ८८ अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एक ओळही येत नाही, आणि तरी ते आरंभापासून देवालाच उद्देशून आहे. संकटांनी गांजलेला ईयोब देवाशी भांडतो. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन बिनचूक वाटणारी भाषणे करतात. अखेरीस देव म्हणतो की माझ्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे. नव्या करारात कैदेतला बाप्तिस्मा करणारा योहानही ‘येणारा तो तूच काय?’ असे येशूला विचारायला शिष्य पाठवतो.

मात्र बायबल संशयाचे कौतुक करत नाही. याकोबाचे पत्र संशय धरणाऱ्याला वाऱ्याने हेलकावणाऱ्या लाटेची उपमा देते आणि त्याला द्विबुद्धीचा म्हणते. तिथे रोख आहे तो देवाकडे मागतानाही दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्यावर. यहूदाच्या छोट्या पत्रात याच्या शेजारी ठेवण्याजोगी सूचना आहे: जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा.

आद्य ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन (३५४–४३०) सुमारे नऊ वर्षे मानी नावाच्या धर्मसंस्थापकाच्या पंथात होता, नंतर काही काळ संशयवादी तत्त्वज्ञांकडे झुकला. ३८६ मध्ये मिलानमध्ये तो ख्रिस्ताकडे वळला. विश्वास ठेवणे म्हणजे संमतीसह विचार करणे, ही त्याची व्याख्या धर्मपंडित टॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात पुढे नेली. विश्वासात संमती पक्की असते, पण बुद्धीला प्रत्यक्ष दर्शन झालेले नसल्याने तिचा शोध थांबत नाही, असे त्याचे म्हणणे.

सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट पंथ कॅथलिक मंडळीपासून वेगळे झाले, त्या धर्मसुधारणेच्या काळात प्रश्नाने वेगळे वळण घेतले. देव आहे का, यापेक्षा ‘माझे तारण झाले आहे हे मी खात्रीने कसे जाणावे?’ हा प्रश्न माणसांना छळत होता. सुधारक ल्यूथर स्वतः या यातनेतून गेला. दुसरा सुधारक कॅल्विन याने विश्वास ही पक्की जाणीव असल्याचे ठासून सांगितले आणि लगेच कबूलही केले की संशयाचा स्पर्श नसलेली खात्री कल्पिता येत नाही. कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये अशी निर्विवाद वैयक्तिक खात्री कोणी सांगू नये असे ठरवले. उलट बाजूने १६४६ च्या प्रॉटेस्टंट वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राने खात्री शक्य असल्याचे मानले, पण खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिच्यासाठी दीर्घकाळ झगडावे लागू शकते, असे नोंदवले. दोन छावण्यांतले अंतर मोठे असले तरी डळमळणाऱ्या माणसाला दोघींनीही दाराबाहेर काढले नाही.

इंग्लंडमधील कॅथलिक विचारवंत जॉन हेन्री न्यूमनने १८६४ मध्ये केलेला भेद आजही सर्वाधिक उपयोगी आहे: दहा हजार अडचणी मिळून एक संशय होत नाही. उत्तर न सापडणे वेगळे आणि भिस्त काढून घेणे वेगळे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही बुद्धिपुरस्सर नाकारणारा संशय आणि इच्छेविना येणारा संशय असे दोन प्रकार आहेत.

इच्छेविना येणारा संशय किती खोल जातो, हे फ्रान्समधील लिझ्यूच्या तेरेझा या जोगिणीच्या शेवटच्या दीड वर्षात दिसते. पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेलेल्या या तरुणीला १८९६ च्या पवित्र गुरुवारच्या रात्री खोकल्यातून रक्त पडले. क्षयाची ती पहिली खूण. त्याच पुनरुत्थानकाळात स्वर्गाची कल्पनाच तिच्यासाठी अंधारली. मृत्यूनंतर काहीच नाही, असे आतून कोणीतरी सांगत राही. तिने विश्वासाचा अंगीकार, म्हणजे क्रीडो, स्वतःच्या रक्ताने लिहून छातीशी बाळगला. आधीच्या साऱ्या आयुष्यापेक्षा या एका वर्षात आपण विश्वासाच्या कृती अधिक केल्या, असे तिने आपल्या वहीत लिहून ठेवले आहे. ३० सप्टेंबर १८९७ रोजी चोविसाव्या वर्षी ती वारली. मदर तेरेसांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांनाही दशकानुदशके देवाच्या सान्निध्याचा अनुभव नव्हता हे जगाला कळले. अनेकांना धक्का बसला. ज्यांनी तेरेझाची वही वाचली होती, त्यांना तो कमी बसला असावा.

आधुनिक काळात दुःख, विज्ञान, बायबलचा चिकित्सक अभ्यास आणि मंडळीतल्या माणसांनी केलेला विश्वासघात ही संशयाची मोठी कारणे ठरली. शेवटच्या कारणावर युक्तिवादाचा इलाज चालत नाही. तिथे आधी ऐकून घ्यावे लागते, न्याय करावा लागतो.

संशय म्हटला की येशूचा शिष्य थोमा याचे नाव निघते. त्याच्यावर थोडा अन्यायच झाला आहे. आपणही येशूबरोबर मरायला जाऊ या, असे योहानाच्या अकराव्या अध्यायात म्हणणारा हाच. विसाव्या अध्यायात येशूच्या पुनरुत्थानाचा त्याने मागितला तो पुरावा इतरांनी आधीच पाहिलेला होता. खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय मानणार नाही, असे म्हटल्यावरही तो निघून गेला नाही आणि इतरांनी त्याला काढले नाही. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा आत जमले, तेव्हा थोमा त्यांच्याबरोबर होता. येशूने हात पुढे केल्यावर त्याने जखमांना स्पर्श केला की नाही, हे शुभवर्तमान सांगत नाही. ‘माझा प्रभू, माझा देव’ एवढेच त्याचे शब्द दिले आहेत. पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या रविवारी हा उतारा दरवर्षी उपासनेत वाचला जातो. पौर्वात्य (ऑर्थोडॉक्स) मंडळ्या त्या दिवसाला थोमाचा रविवार म्हणतात, आणि तेव्हाच्या एका स्तोत्रात त्याच्या अविश्वासाला ‘चांगला’ हे विशेषण लावलेले आहे.