पापक्षमा (खान्देशातील ख्रिस्ती आचार)

पापक्षमा : ख्रिस्ती धर्मात ईश्वराने माणसाच्या माथ्यावरचा दोष उतरवून त्याला पुन्हा आपलेसे करणे. नव्या करारातील ‘आफिएमी’ या ग्रीक क्रियापदाचा अर्थ सोडणे. कर्ज सोडण्यालाही तोच शब्द आहे. म्हणून प्रभूच्या प्रार्थनेत ‘ऋणे सोड’ असा मराठी पाठ येतो (मत्तय ६:१२). सालदाराची उचल (वर्षभराच्या चाकरीपोटी धन्याकडून आगाऊ घेतलेली रक्कम) माहीत असलेल्या खान्देशात हे वेगळे समजावावे लागत नाही. धनी उचल सोडतो तेव्हा खोट तोच सोसतो. येशूच्या क्रूसावरील मरणाकडे ख्रिस्ती शिकवण याच अर्थाने पाहते.

कबुलीला मराठी बायबलमध्ये ‘पापे पदरी घेणे’ म्हटले आहे (१ योहान १:९). मूळ ‘होमोलोगेओ’ म्हणजे ‘तेच म्हणणे’, देव ज्याला पाप म्हणतो त्याला आपणही पाप म्हणणे. मराठी प्रयोग त्याहून बोलका आहे.

धर्मगुरूपुढील खासगी कबुलीचा उगम वादग्रस्त आहे. आरंभीच्या मंडळीत (चर्चमध्ये) गंभीर पापांसाठी उघड आणि बहुधा आयुष्यात एकदाच प्रायश्चित्त असे. पुनःपुन्हा करता येणारी खासगी कबुली सहाव्या-सातव्या शतकांत आयरिश मठवाशांमुळे पसरली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र टोलेडोच्या ५८९ च्या धर्मसभेने वारंवार प्रायश्चित्त घेण्याचा निषेध केला, म्हणजे ती चाल स्पेनमध्येही होती. रोममधील १२१५ च्या लॅटरन धर्मसभेने वर्षातून एकदा कबुली सक्तीची केली.

नवापूर, चिंचपाडा भागातील आदिवासी मंडळ्या मुख्यतः प्रॉटेस्टंट आहेत. तेथे कबुली थेट देवापाशी होते. प्रभुभोजनापूर्वी (भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीपूर्वी) आत्मपरीक्षण करावे (१ करिंथ ११:२८), ज्याचे वाकडे केले त्याच्याशी आधी समेट करावा (मत्तय ५:२३-२४), असा दंडक आहे. शेजाऱ्याचा बांध कोरला असेल, तर नुसती प्रार्थना पुरत नाही. बांध मूळ जागी न्यावा लागतो. जक्कय या जकातदाराने अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे येशूपुढे कबूल केले होते (लूक १९:८). नाशिक धर्मप्रांताखालील कॅथलिक मंडळ्यांत परीक्षण, पश्चात्ताप, संकल्प, कबुली व प्रायश्चित्त असा क्रम असतो.

‘काही चुकले असेल तर’ अशी कबुली मन हलके करत नाही, कारण तीत पदरी काहीच घेतलेले नसते. कबुलीनंतरही टोचणी राहते म्हणून तेच पाप रोज उगाळले, तर टोचणी वाढते. जाणता पाळक तसे करू देत नाही. दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला वाटणारी शरम हे तिचे पाप नव्हे. तिने क्षमा मागण्याजोगे त्यात काही नाही. तिला आसरा हवा. तिने नवऱ्याला क्षमा केली, तरी त्याच घरी परत जाण्याचे बंधन तिच्यावर येत नाही.