आरक्षण ‘पडतं’ कुठून?

मराठीत आरक्षण दोन तऱ्हेचं असतं. एक मिळतं, दुसरं पडतं. ‘आमच्या प्लॉटवर मैदानाचं आरक्षण पडलंय’, म्हणजे सरकारी नकाशात ती जागा मैदानासाठी राखून ठेवलीय, हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाढत्या गावात ऐकू येईल. वीज पडावी तसं हे आरक्षण पडतं. कोणी टाकलं, कधी टाकलं, आधी कोणाला विचारलं होतं का, यातलं काहीच त्या वाक्यात येत नाही. हा कर्ता गायब कसा झाला, हे कळायला प्लेगपर्यंत मागं जावं लागतं.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्या पाडायच्या, मधून रुंद रस्ते काढायचे, समुद्राची हवा आत येऊ द्यायची, असा एकूण खाक्या. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट ही त्याचीच देणगी. घरमालकाला भरपाई होती; खोलीत भाड्यानं राहणाऱ्यानं बोचकं उचलून शेजारच्या, आधीच भरलेल्या चाळीत शिरायचं. त्याचं मत घ्यावं असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

पुढं १९१५ चा मुंबई नगररचना कायदा आला. देशातला या प्रकारचा हा पहिला कायदा. लगतच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-मोकळ्या जागा काढून घ्यायच्या आणि उरलेल्या जमिनीचे नीट आकाराचे प्लॉट मूळ मालकांना परत द्यायचे, अशी ही ‘टाऊन प्लॅनिंग स्कीम’. वांद्रे, सांताक्रूझ, पार्ल्याच्या पत्त्यांत दिसणारं ‘टीपीएस’ ते हेच. इथं पहिल्यांदा लोकांचं म्हणणं ऐकायची सोय झाली, पण लोक म्हणजे जमीनमालक. कूळ, भाडेकरू, मिठागरावरचा मजूर यांचा स्कीमशी संबंध फक्त उठवलं जाण्यापुरता.

त्याच सुमारास एक विक्षिप्त स्कॉटिश प्राध्यापक हिंदुस्थानात फिरत होता. पॅट्रिक गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ, १९१४ मध्ये इथं आले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवू लागले. आधी शहर पायी हिंडून समजून घ्या, मग नकाशा काढा आणि पाडापाडी कमीत कमी करा, हा त्यांचा आग्रह. होळकरांच्या इंदूरमध्ये त्यांनी जे केलं ते आजच्या कुठल्याही ‘जनजागृती’पेक्षा भारी होतं. दिवाळीची मिरवणूक काढायची ठरली, पण तिचा मार्ग आधी जाहीर केला नाही. जे रस्ते घरं झाडूनपुसून, डागडुजी करून सगळ्यात स्वच्छ होतील, त्यांवरून मिरवणूक जाणार! शहर कामाला लागलं. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची आणि घाणीच्या राक्षसाची सोंगं होती, शेवटी त्यांचं दहन झालं आणि लोकांना तुळशीची रोपं वाटली गेली. १९१८ मध्ये गेडिस यांनी इंदूर दरबाराला अहवाल दिला. आपल्याकडे नगररचना शिकणारे तो अजून वाचतात. कायद्यात मात्र तुळशीचं एक पानही उतरलं नाही.

कायद्यात उतरली ती हरकत. १९५४ च्या कायद्यानं प्रत्येक नगरपालिकेला संपूर्ण शहराचा विकास आराखडा, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची याचा नकाशा, करणं बंधनकारक केलं. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानं त्याला आजचं रूप दिलं. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि ठरलेल्या मुदतीत ‘हरकती व सूचना’ मागवल्या जातात. मग स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले तज्ज्ञ यांची नियोजन समिती सुनावणी घेते. पुढं महापालिका आणि शेवटी राज्य शासनाची मंजुरी. हा प्रवास संपेपर्यंत आराखड्याच्या मुदतीतली कित्येक वर्षं गेलेली असतात. जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देऊन मालक आरक्षण व्यपगत, म्हणजे रद्द, करून घेऊ शकतो. मैदानं, शाळांच्या जागा अशाच हातून निसटतात.

सुनावणीचं दृश्य ज्यानं पाहिलंय त्याला विसरता येत नाही. भिंतीवर रंगीत शीट. त्यावर आपला सीटीएस नंबर (जागेचा सिटी सर्व्हे क्रमांक) बोटानं शोधणारी गर्दी. बहुतेकांच्या हातात एकाच नमुन्याचा अर्ज, फक्त नाव आणि पत्ता वेगळा. नाव पुकारलं की दोन-तीन मिनिटं. ‘तुमचं म्हणणं नोंदवलं आहे’ हे उत्तर ठरलेलं. आपलं मैदान गेलं म्हणून आलेला आणि आपल्या जागेवर मैदान पडलं म्हणून आलेला एकाच बाकावर बसतात. एकमेकांशी बोलायची सोय त्या प्रक्रियेत नाही.

या हरकत-सूचनेतून क्वचित मोठंही काही निघतं. मुंबईचा पहिला विकास आराखडा १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता हे वास्तुरचनाकार आणि शिरीष पटेल हे अभियंता अशा तिघांनी सूचना मांडली, की मुंबई उत्तरेकडे ताणत बसण्यापेक्षा खाडीपलीकडे जोडशहर वसवा. १९७० मध्ये त्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि नवी मुंबई उभी राहू लागली. तीन नागरिकांच्या सूचनेतून एक अख्खं शहर, ही गोष्ट नगररचनेच्या वर्गात कौतुकानं सांगतात. त्या शहराखाली ज्यांची भातशेती आणि मिठागरं गेली, त्या ठाणे-पनवेल-उरणच्या ९५ गावांना मात्र कोणी सूचना विचारली नव्हती. त्यांची हरकत नोंदली गेली ती रस्त्यावर. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर जासई परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. उरणकडे ‘साडेबारा टक्के’ हा आजही घराघरातला शब्द आहे.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं प्रभाग समित्या आणल्या, केंद्र सरकारच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानाच्या काळात क्षेत्रसभेची तरतूद आली. गावात ग्रामसभा, तशी शहरात क्षेत्रसभा. तुमच्या वॉर्डात ती कधी भरली का, शेजाऱ्याला विचारून पाहा.

पण हरकत नेहमी ‘आरक्षण उठवा’ म्हणण्यासाठीच असते असं नाही. १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण प्रस्तावित झालं, सुमारे ९७८ हेक्टरवर. इथं पुणेकर ‘आरक्षण ठेवा’ म्हणून वर्षानुवर्षं भांडले आणि २०१५ मध्ये शासनानं ते मान्य केलं. अर्थात टेकडीवर ज्यांचे सात-बारा आहेत, त्यांच्या लेखी ते ‘पडलेलं’च.

गोव्यानं वेगळी वाट धरली होती. २००६ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ अधिसूचित झाला. डोंगरउतार आणि बागायती वसाहतीसाठी खुल्या झाल्याचं लोकांच्या लक्षात आलं आणि गोवा बचाव अभियान उभं राहिलं. २००७ च्या जानेवारीत सरकारनं आराखडा मागं घेतला. पुढच्या, २०२१ च्या आराखड्यासाठी कोरिया यांचाही सहभाग असलेलं कृतिदल नेमलं आणि कच्चे नकाशे पंचायतींकडे पाठवले. कुठलं शेत पाण्याखाली जातं, कुठली वाट पूर्वापार आहे, हे गावांनी त्यात भरायचं. २०१२ मध्ये सरकार बदललं आणि तो आराखडा स्थगित झाला. लोकांना आधी विचारणं जमतं हे गोव्यात दिसलं. विचारून झाल्यावरही काय होऊ शकतं, तेही तिथंच दिसलं.

मुंबईत २०१५ मध्ये हरकतींचाच पूर आला. २०१४ ते २०३४ च्या आराखड्याचं प्रारूप फेब्रुवारीत आलं. उभ्या इमारतींवरून रस्ते आखलेले, वारसा वास्तू गायब, आरे विकासासाठी खुली, काही स्थानकांभोवती आठपर्यंत चटईक्षेत्र, म्हणजे प्लॉटच्या आठपट बांधकाम. साठ हजारांहून अधिक हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो फेरविचारासाठी परत पाठवला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, त्यावर पुन्हा हरकतींचा ढीग. अंतिम मंजुरी २०१८ मध्ये, म्हणजे वीस वर्षांतली चार वर्षं आधीच खर्ची.

त्या सगळ्या गदारोळात कोळीवाड्यांची तक्रार साधी होती: आमच्या हद्दीच नकाशावर नाहीत. कोळीवाड्याजवळच्या किनाऱ्यावर बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालतात, दोन-दोन जोडून, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून. पावसाळ्यात ती जागा ओकीबोकी असते. शेजारी होड्या ओढून ठेवायची आणि जाळी दुरुस्त करायची जागा. सर्वेक्षणाला जाणाऱ्याला तिथं घर दिसत नाही, भिंत दिसत नाही. नकाशावर ती ‘मोकळी जमीन’ होते. कोळणीला विचारलं असतं तर तिनं कोणाचा मांडव कुठं संपतो ते बोटभर चुकीशिवाय दाखवलं असतं. हद्दी आखण्याचं काम आराखडा मंजूर झाल्यावरही मागं राहिलं.

गंमत अशी, की १९६६ च्या कायद्यात आधी विचारण्याची जागा आहे. कलम २३ खाली आराखडा करण्याचा ‘इरादा’ जाहीर करायचा असतो आणि तेव्हाच, एक रेघही ओढलेली नसताना, लोकांच्या सूचना मागवायच्या असतात. ही सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिरातींच्या मधे, बारीक टायपात येते. तेव्हा कोणाच्याच प्लॉटवर काही पडलेलं नसतं, म्हणून कोणी ती कापून ठेवत नाही.