पावसाळी कामाचा पोशाख

मुसळधार पावसात उघड्यावर काम करताना अंग कोरडे राहावे, निदान गारठू नये, यासाठी वापरायचे कपडे आणि आवरणे. कोकणातले इरले, धनगराची घोंगडी, गोणपाटाची खोळ इथपासून रबरी रेनकोट, पीव्हीसीचा जाड सूट आणि वाफ बाहेर सोडणारे पातळ जाकीट इथपर्यंत सगळे यात येते. छत्री मात्र येत नाही. ती उभ्या माणसाची सोय आहे. कामाच्या माणसाचा एक हात तिच्यातच अडकतो, आणि वारा सुटला की दुसराही.

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर पडला तर मुसळधार, ११५.६ मिमीपासून अतिमुसळधार आणि २०४.५ मिमीपासून पुढे अत्यंत मुसळधार. कोकण आणि घाटमाथ्यावर जुलैमध्ये यांतल्या पहिल्या दोन प्रकारांचे कुणाला नवल वाटत नाही. आंबोली, गगनबावडा, ताम्हिणी या पट्ट्यात वर्षाचा पाऊस ५,००० मिमीच्या वर जातो. या पावसाची खरी गोम त्याच्या मापात नाही. तो कोमट हवेत पडतो. किनारपट्टीवर तेव्हा दिवसाचे तापमान २५ ते ३० अंशांच्या दरम्यान आणि हवा दमटपणाने काठोकाठ भरलेली. त्यामुळे रेनकोट घालून तासभर कुदळ मारलेला माणूस तो काढतो तेव्हा आतला सदरा बहुधा बाहेरच्या कोटाइतकाच ओला असतो. बाहेरून येणारे पाणी अडवणे सोपे असते. आतून निघणाऱ्या घामाला वाट काढून देणे अवघड. पोशाखाची निवड या दुसऱ्या गोष्टीवर ठरते, आणि दुकानात नेमकी तीच कुणी विचारत नाही.

इरले, घोंगडी, खोळ

इरल्याने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. बांबूच्या बारीक कामट्यांची जाळी विणून तिला उलट्या होडीसारखा बाक द्यायचा, दोन जाळ्यांच्या मध्ये पळस, कुंभा अशी रुंद पाने कौलांसारखी एकावर एक चढवून बसवायची, आणि डोक्याकडचा भाग जरा निमुळता ठेवायचा. भातलावणीला वाकलेल्या बाईच्या डोक्यापासून ते कमरेखाली, पार मांडीपर्यंत झाकते. ते अंगाला चिकटत नाही. डोक्यावर आणि पाठीवर टेकते, पण खाली चारी बाजूंनी वारा खेळता राहतो. दोन्ही हात मोकळे, समोर तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची जुडी, आणि पाणी मागच्या टोकावरून चिखलात. वाकलेल्या माणसासाठीच ते घडवलेले असते. इरले घालून ताठ उभे राहिले की ते मागे ओढते आणि चालणारा भेलकांडतो. सोसाट्याचा वारा हा त्याचा दुसरा शत्रू. पुढे पानांच्या जागी प्लास्टिकचा कागद आला, सांगाडा तोच राहिला. काम संपले की ते चुलीच्या धुराला टांगून ठेवायचे, म्हणजे बांबूला कीड लागत नाही.

मेघालयात खासी लोकांचे ‘क्नुप’ हेच काम करते. मौसिनरामला वर्षाची सरासरी ११,८७२ मिमी आहे. तिथेही बांबूचा सांगाडा, पानांचे अस्तर आणि कासवाच्या पाठीसारखा आकार. दोन डोंगराळ मुलखांनी एकमेकांना न विचारता एकच उत्तर काढले आहे.

घोंगडीचा विचार वेगळा. ती पाणी अडवत नाही, पिते. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा शोषूनही हाताला ओला लागत नाही, आणि भिजल्यावरही त्यात हवा अडकून राहत असल्याने ऊब टिकते. मेंढरांमागे दिवसभर माळावर, वाऱ्यात उभे राहणाऱ्याला हेच हवे असते. तिचा एक कोपरा आत दुमडून डोक्यावर टोपीसारखी घेतली की तिची खोळ होते. शेवटी मात्र ती पाण्याने जड होते, आणि खांद्यावर अशी घोंगडी घेऊन वाकून करायचे काम होत नाही.

गोणपाटाची खोळ ही गरिबाची घोंगडी. रिकामे पोते घ्यायचे, तळाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात आत खोचायचा; डोक्याला टोपरे आणि पाठीवर झूल तयार. हमाल, गुराखी, बैलगाडीवान सगळे ती घेत. खताची प्लास्टिकची पिशवी आल्यावर तागाचे पोते मागे पडले, पण घडी तीच. बाजारसमितीच्या धक्क्यावर ती अजूनही दिसते.

रबरापासून पडद्यापर्यंत

आजच्या रेनकोटाचा मूळपुरुष १८२३ सालचा. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने डांबरापासून निघणाऱ्या नाफ्त्यात रबर विरघळवले आणि दोन कापडांच्या मध्ये त्याचा लेप देऊन पेटंट घेतले. कापड पाणी अडवत होते, पण थंडीत ताठ व्हायचे, उन्हात चिकट, आणि वास मारायचे. शिंप्याने सुई घातली की प्रत्येक भोकातून पाणी आत. चार्ल्स गुडइयरने गंधक आणि उष्णता वापरून रबर पक्के करण्याची रीत शोधल्यावर पहिली दोन दुखणी गेली. सुईच्या भोकाचे दुखणे आजपर्यंत आहे. भारतात कोलकात्याच्या सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० मध्ये सुरू केलेल्या बेंगॉल वॉटरप्रूफ कंपनीचे ‘डकबॅक’ घराघरांत पोचले. महाराष्ट्रात एके काळी रबरी रेनकोट म्हणजे डकबॅक असेच समीकरण होते.

पुढे रबराची जागा पीव्हीसीने घेतली, हलक्या कपड्यात पीयूने, म्हणजे पॉलियुरेथेनच्या लेपाने. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनचा पट्टा झटक्यात ताणून अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला. पाण्याचा थेंब त्यातून आत येत नाही, पण वाफ बाहेर जाते. हे खरे आहे. दुकानदार सांगतो तितके मात्र नाही.

वाफ आपणहून बाहेर जात नाही. आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तरच ती जाते. युरोपातल्या थंड, ५ अंशांच्या पावसात हा फरक मोठा असतो. कोकणातल्या जुलैत बाहेरची हवाच वाफेने भरलेली, म्हणून तो जेमतेम निम्म्यावर येतो. त्यातून बाहेरचे कापड पाणी पिऊन बसले की उरलेली वाटही बुजते. पावसाळी कामाच्या कपड्यांचे ईएन ३४३ हे युरोपीय मानक या बाबतीत प्रामाणिक आहे. वाफ सोडण्यात सर्वांत खालच्या वर्गातला कपडा २५ अंशांत सलग ६० मिनिटांपेक्षा जास्त घालू नये, २० अंशांत ७५ मिनिटे, १० अंशांत २४० मिनिटे, असे कोष्टक त्यात दिले आहे; ५ अंशांत मर्यादाच नाही. आणि ही मिनिटे हवेत ५० टक्के आर्द्रता धरून काढलेली आहेत. आपल्याकडे त्यात आणखी किती घट धरायची ते ज्याचे त्याने जोखावे.

पाणी अडवण्याचे माप पाण्याच्या स्तंभात सांगतात : कापडावर किती उंचीचा स्तंभ उभा केला म्हणजे पाणी झिरपू लागते ते. याच मानकात सर्वांत खालच्या वर्गाला ८,००० पास्कल, म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर, आणि सर्वांत वरच्याला २०,००० पास्कल, म्हणजे सुमारे २ मीटर लागतात. नुसत्या पडणाऱ्या पावसाला त्यातले थोडेच पुरते. दाब येतो तो गुडघे टेकल्यावर, ओल्या सीटवर बसल्यावर, खांद्यावरच्या पिशवीच्या पट्ट्याखाली. म्हणून मोठा आकडा विजार आणि खांद्यासाठी बघावा. पाठीला त्याचे फारसे काम नाही.

निवड

कोट उलटा करून आधी शिवण बघावी. आतून शिवणीवर पट्टी चिकटवलेली असेल, किंवा जोड शिवण्याऐवजी उष्णतेने सांधलेला असेल तर ठीक. नुसता दोरा दिसत असेल तर कापड कितीही भारी असो, तासाभरात खांद्यावरून पाणी उतरणार. चेनवर दुहेरी झडप हवी. मग अंगात घालून दोन्ही हात वर करावेत, उकिडवे बसावे, मान मागे वळवून बघावे. हात वर केल्यावर मनगटातून कोपरापर्यंत पाणी ओघळते, म्हणून बाहीच्या आत दुसरी, लास्टिकची बाही असावी. टोपी मानेबरोबर वळली पाहिजे; मान वळून टोपी जागच्या जागी राहिली तर बाजूचे काहीच दिसत नाही.

घाम गाळायच्या कामाला माझ्या मते महागडा पडदा घेण्यात अर्थ नाही. तेवढ्या पैशांत दोन साधे, आखूड, सैल कोट येतात : पाठीवर झडप आणि तिच्याखाली जाळी, काखेत हवेची भोके. दुपारी बदलायला दुसरा कोट असणे हे कुठल्याही छापील आकड्यापेक्षा कामाचे. आत जाड सुती कपडा घालू नये. तो दिवसभर ओला राहतो. पातळ पॉलिस्टरचा टीशर्ट चालतो. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी वाऱ्यात उभे राहायचे असेल तर आत लोकर असलेली बरी. तिथे घामापेक्षा गारठा वैरी.

उलट, हालचाल कमी आणि वारा जास्त असेल तिथे, म्हणजे दुचाकीवर किंवा रात्रीच्या पहाऱ्यावर, पूर्ण सूट आणि चांगला पडदा दोन्ही कामी येतात. कोकण रेल्वेवर पावसाळ्यात रुळांची गस्त घालणारा कर्मचारी याचे उदाहरण. २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण खुल्या झालेल्या या मार्गावर डोंगर कापून केलेल्या कटिंगांमधून दरडी येतात, म्हणून माणूस कंदील-झेंडा घेऊन चालत राहतो. त्याच्या कोटाने पाऊस अडवला पाहिजे, तसेच तो लांबून दिसला पाहिजे आणि त्याला गाडी ऐकू आली पाहिजे. चकाकते नारिंगी किंवा पिवळे कापड आणि प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्या त्यासाठी. प्लास्टिकच्या टोपीवर पाऊस असा ताडताड वाजतो की शेजारच्याची हाक कळत नाही; रुळांवर तीच टोपी जिवावर बेतू शकते. कान मोकळे ठेवणारी रुंद काठाची टोपी इथे बरी. काळा किंवा गडद निळा रेनकोट रस्त्यावर कामाला घेऊच नये, मग तो कितीही स्वस्त मिळो.

वायरमनने लक्षात ठेवायचे ते एवढेच, की रेनकोट म्हणजे विजेपासून संरक्षण नव्हे. त्याला वेगळे प्रमाणित हातमोजे लागतात. पॉवर टिलर किंवा मळणीयंत्राजवळ फडफडणारा पोंचो नको, फिरत्या दांड्यात तो गुंडाळला जातो. मासेमारांची पिवळी डंगरी आणि गमबूट हा पोशाख चांगला, पण महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असल्याने तो खऱ्या उपयोगाला येतो ऑगस्टनंतरच्या लाटांत.

लावणीच्या बायकांचा विचार बाजाराने कधी केला नाही. बाजारातला सूट पुरुषी मापाचा, विजारीसकट. काष्ट्यावर ती विजार चढत नाही, चढवली तर चिखलात वाकता येत नाही. म्हणून त्या कोट तेवढा घेतात, कमरेखाली प्लास्टिकचा कागद दोरीने बांधतात. शेतांच्या कडेने जाताना दिसणारी ती रंगीबेरंगी ठिगळे म्हणजे हौस नव्हे, बाजाराने केलेली ती कुचंबणा आहे.

पाय आणि जपणूक

भातखाचरात गमबूट रुततो. पाय वर येतो, बूट चिखलातच. म्हणून लावणी अनवाणीच होते आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. बेचकी फाटली की त्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरतात. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून ते खाचरात उतरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, आणि त्यानंतर मुंबईत याच आजाराने डोके वर काढले. सफाई कामगाराला, गटारात उतरणाऱ्याला, गोठ्यात राबणाऱ्याला गमबूट म्हणूनच सक्तीचा हवा. विजार बुटाच्या वरून सोडायची. आत खोचली की बुटाची बादली होते.

पीयूचा लेप ओलाव्यातच सडतो. गणपतीनंतर ओला कोट घडी घालून कपाटात टाकला की पुढच्या मृगाला तो आतून चिकट होऊन पापुद्रे सोडतो, आणि त्यावर कुठला उपाय चालत नाही. पीव्हीसी घडीवर चिरते, म्हणून तो टांगून ठेवावा. वाफ सोडणाऱ्या कापडाला धुण्याची पावडर थोडीच वापरून भरपूर पाण्याने खंगाळावे. साबण उरला की पाणी ओघळायचे सोडून मुरते. रबराला घडीपूर्वी टाल्कम पावडर लावण्याची जुनी पद्धत अजून लागू पडते. गमबूट पडवीत काठीवर उलटे टांगावेत, आणि पाय घालण्याआधी ते एकदा उलटे आपटून घ्यावेत. पावसाळ्यात विंचवालाही कोरडी जागा लागते.