दूत थांबले, जहाजं नाही

894 मध्ये जपानने चीनला राजदूत पाठवणं बंद केलं आणि दोन्ही देशांचा संबंधच तुटला, असं सर्रास सांगितलं जातं. तुटला तो दरबारी संबंध. व्यापाऱ्यांची जहाजं येतच राहिली, आणि भिक्षू त्यांतूनच जात.

1072 मध्ये साठीतला जपानी बौद्ध भिक्षू जोजिन दरबाराची परवानगी न घेताच चिनी व्यापाऱ्यांच्या जहाजात चढला. भाडं म्हणून तांदूळ, रेशीम, सोन्याची भुकटी, पारा! किनाऱ्यावरची माणसं आली की स्वारी खोलीत दडून बसायची. हे त्याच्याच रोजनिशीत आहे.

भिक्षूंना पैशाचं वावडं, हीही समजूतच. 1323 च्या सुमारास चीनहून जपानला जाताना कोरियातल्या सिनानजवळ बुडालेल्या जहाजात सुमारे 28 टन नाणी सापडली. मालाच्या काही लाकडी चिठ्ठ्यांवर नाव होतं क्योतोच्या तोफुकुजी मठाचं.