जॅक रसेल की पार्सन रसेल: बिळात कोण, रानात कोण?

जॅक रसेल टेरियर आणि पार्सन रसेल टेरियर हे दोन जातींचे शिकारी कुत्रे शेजारी शेजारी उभे केले, तर कोण कुठला हे ओळखणं अवघड नाही. एकाचे पाय आखूड, दुसऱ्याचे लांब. बाकी सगळं सारखंच: पांढरं अंग, डोक्यावर काळे-तपकिरी डाग, मुडपलेले कान, एक क्षण स्वस्थ न बसणारा स्वभाव आणि नावातला तोच रसेल. खरा घोटाळा निवड करताना होतो. ‘जमिनीखाली काम करायचं तर आखूड पायांचा घ्या, जमिनीवर पळायचं तर लांब पायांचा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो निम्माच खरा आहे. टेरियर बिळात अडकतो तो छातीमुळे. पाय पुढे ताणता येतात, अंगाखाली दुमडता येतात. बरगड्यांचा पिंजरा जेवढा असेल तेवढाच राहतो. आणि लांब पायांचा पार्सन मुळात वर आणि खाली अशा दोन्ही कामांसाठीच घडवलेला कुत्रा आहे.

हे समजायला त्या नावामागचा माणूस पाहावा लागतो. जॉन रसेल (1795–1883) हे इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातले पाद्री, म्हणजे इंग्रजीत ‘पार्सन’. चाळीसहून अधिक वर्षं ते स्विमब्रिज गावच्या चर्चचे धर्मगुरू होते आणि घोड्यावर बसून खोकडाची शिकार करण्याचं त्यांना विलक्षण वेड होतं. 1819 मध्ये, ऑक्सफर्डला शिकत असताना, जवळच्या मार्स्टन गावात एका दूधवाल्याकडे त्यांना एक टेरियर कुत्री दिसली आणि त्यांनी ती तिथल्या तिथे विकत घेतली. तिचं नाव ट्रम्प. तिची जी वर्णनं उरली आहेत ती फार नेमकी आहेत: पांढरं अंग, डोळ्यांवर आणि कानांवर गडद तपकिरी ठिपके, शेपटीच्या मुळाशी पेनीच्या नाण्याएवढा एक डाग, दाट आणि राठ केस, बाणासारखे सरळ पाय आणि अंगकाठी पूर्ण वाढलेल्या मादी खोकडाएवढी.

शेवटच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. त्या काळच्या शिकारीत हाउंड कुत्र्यांचा तांडा खोकडामागे मैलोन् मैल धावायचा, मागून घोडेस्वार. खोकड जमिनीत शिरला की हाउंडचं काम थांबायचं आणि टेरियरचं सुरू व्हायचं. त्याने आत शिरायचं, खोकडाला भुंकून भुंकून हैराण करायचं आणि दुसऱ्या तोंडाने बाहेर काढायचं. म्हणजे टेरियरला आधी तिथवर पोचायला पाय हवेत आणि मग खोकड जिथून गेला तिथूनच जायला खोकडाएवढी छाती हवी. पांढरा रंगही याच कामातून आला. मातीने माखलेला तपकिरी टेरियर बिळातून बाहेर पडला, तर खवळलेले हाउंड त्यालाच खोकड समजून फाडू शकत.

मग आखूड पायांचा जॅक कुठून आला? काम बदललं तिथून. टेरियरने धावत येण्याची गरज संपली. त्याला खोगिराला बांधलेल्या पिशवीतून, पुढे गाडीतून नेऊ लागले. गोठ्यात, तबेल्यात, धान्याच्या कोठारात उंदीर मारायला लांब ढांगा लागत नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर घराघरांत आखूड पायांची, लांबट अंगाची कुत्री ‘जॅक रसेल’ म्हणून पाळली जाऊ लागली. त्यांच्यात कॉर्गीसारख्या जातींचं रक्त मिसळलं गेलं होतं. जुन्या शिकाऱ्यांना हे बिलकूल आवडलं नाही. त्यांचा राग मला समजतो, पण तो या सगळ्याच कुत्र्यांवर काढणं योग्य नव्हे. ऑस्ट्रेलियात याच लहान चणीच्या कुत्र्यांची नीट निगुतीने पैदास झाली आणि आजचा प्रमाणित जॅक रसेल तिथून आला. आंतरराष्ट्रीय श्वानसंघटना एफसीआय आजही त्याची जन्मभूमी इंग्लंड आणि विकासभूमी ऑस्ट्रेलिया अशीच नोंदवते.

नावांचा गुंता मात्र खरोखर डोकेदुखी आहे आणि कागदपत्रं बघून पिल्लू घेणाऱ्याने तो एकदा सोडवून घ्यावा. ब्रिटिश केनेल क्लबने (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने) 1990 मध्ये लांब पायांच्या कुत्र्याला ‘पार्सन जॅक रसेल टेरियर’ म्हणून मान्यता दिली. 1999 मध्ये त्यातला ‘जॅक’ गळला. आखूड पायांच्या जॅकला याच क्लबने मान्यता दिली ती थेट 2016 मध्ये. अमेरिकेत उलटंच. तिथल्या केनेल क्लबने 1997 मध्ये लांब पायांच्यालाच ‘जॅक रसेल’ म्हटलं, 2003 मध्ये त्याचं नाव बदलून ‘पार्सन रसेल’ केलं आणि 2012 मध्ये आखूड पायांचा आला तेव्हा त्याला नुसतं ‘रसेल टेरियर’ हे नाव दिलं. म्हणजे अमेरिकेच्या कागदावर 2000 साली जॅक रसेल असलेला कुत्रा आजच्या हिशेबाने पार्सन आहे. त्यात भर म्हणजे काम करणाऱ्या कुत्र्यांच्या संघटना केनेल क्लबांच्या मान्यतेलाच विरोध करत आल्या आहेत. प्रदर्शनात सौंदर्य जिंकतं आणि काम मागे पडतं, हा त्यांचा आक्षेप. त्यांच्या नोंदवहीत 10 ते 15 इंच उंचीचे सगळे जॅक रसेलच. तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका. कुठल्या देशाच्या, कुठल्या संस्थेच्या आणि कुठल्या सालच्या कागदावरचं नाव आहे ते पाहा.

आता मापं. पार्सनची खांद्यापर्यंतची आदर्श उंची नरात 36 आणि मादीत 33 सेंटिमीटर. बाजूने पाहिला तर जवळजवळ चौकोनी. छाती कोपराच्या खाली उतरलेली चालत नाही. जॅकची उंची 25 ते 30 सेंटिमीटर, अंग उंचीपेक्षा लांब, आणि दर 5 सेंटिमीटर उंचीला 1 किलो असं वजनाचं सोपं गणित: 25 सेंटिमीटरचा कुत्रा 5 किलोचा, 30 चा 6 किलोचा. कोपरामागे छातीचा घेर 40 ते 43 सेंटिमीटर. उभा असताना त्याच्या छातीची खोली आणि कोपरापासून जमिनीपर्यंतचा पाय साधारण सारखे दिसले पाहिजेत.

खोकडाच्या छातीचा घेर साधारण 14 इंच, म्हणजे 35 सेंटिमीटरच्या आसपास असतो. आदर्श जॅकसुद्धा त्याहून जाडच भरतो. मग तो आत जातो कसा? छाती दाबली जाते म्हणून. बरगड्या लवचीक हव्यात, छाती अंडाकृती हवी; पिंपासारखी गोल नको. म्हणूनच दोन्ही जातींत परीक्षक कुत्र्याला हातांनी मोजतात. कुत्र्याच्या मागे उभं राहायचं, त्याचे पुढचे पाय किंचित उचलायचे आणि कोपरांच्या लगेच मागे दोन्ही हातांची कव घालायची. अंगठे पाठीच्या कण्यावर टेकले पाहिजेत आणि बोटं छातीखाली एकमेकांना भिडली पाहिजेत. मग हलकेच दाबून पाहायचं. चांगल्या टेरियरची छाती हाताखाली थोडी दबते आणि सोडली की परत फुलते. दगडासारखी घट्ट लागली, तर कुत्रा दिसायला कितीही देखणा असो, बिळाच्या पहिल्या वळणावर तो अडकेल. जाड बांध्याचा, रुंद खांद्यांचा आखूड जॅक या कसोटीत हमखास नापास होतो आणि सडपातळ पार्सन उत्तीर्ण.

बिळाच्या आत कुत्रा चालत नाही, तो सरपटतो. पुढचे पाय समोर ताणून, कधी कुशीवर वळून, मागच्या पायांनी रेटा देत पुढे जातो. मऊ मातीतल्या लहान बिळांत, दगडी गटारांत, नळांत जॅकच्या लहान चणीचा फायदा निर्विवाद आहे. उलट खडकाळ भागात, जिथे बीळ म्हणजे दगडांच्या राशीतल्या फटी आणि पायऱ्या असतात, तिथे आत उतरलेल्या आखूड कुत्र्याला परत वर चढता येत नाही. तिथे लांब पायच जीव वाचवतात. उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागात लेकलँड आणि पॅटरडेलसारखे लांब पायांचे टेरियर टिकले ते याच कारणाने.

मापाइतकाच स्वभावही पाहावा लागतो, आणि इथे दोघांत फरक जातीपेक्षा घराण्याचा असतो. बिळातल्या टेरियरचं काम मारण्याचं नसतं. त्याने समोर ठाण मांडून सलग भुंकायचं, म्हणजे एकतर जनावर बाहेर पडतं किंवा वरच्या माणसाला नेमकं कुठे खणायचं ते कळतं. रसेल यांनाही खोकड बाहेर काढणारा कुत्रा हवा होता, ठार मारणारा नव्हे. गप्प राहून भिडणारा कुत्रा तोंड फाडून घेतो आणि त्याचा पत्ताही लागत नाही. आज गळपट्ट्यात छोटा ट्रान्समीटर बसवतात, पण म्हणून आवाजाची गरज संपलेली नाही.

जमिनीवर मात्र निवड सरळ आहे. दिवसभर शेतं, कुंपणं, नांगरट तुडवायची असेल तर पार्सन. त्याची ढांग लांब पडते आणि तो उशिरा थकतो. कोठार, लाकडांचे ढीग, काटेरी जाळ्या, खताचे उकिरडे उपसायचे असतील तर जॅक. फळीखालून, पाइपमागून तो असा वळतो की पार्सनला तिथे जागाच पुरत नाही. दोन्ही कामं थोडी थोडी असतील, तर मी सडपातळ पार्सन घेईन.

शिकारीला कायद्याने आता बरंच बांधलं आहे, आणि मला ते योग्य वाटतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2004 चा हंटिंग अ‍ॅक्ट फेब्रुवारी 2005 पासून लागू आहे. कुत्रा बिळात सोडायची मुभा फक्त शिकारीसाठी राखलेल्या पक्ष्यांचं नुकसान टाळण्यापुरती, तीही एका वेळी एकच कुत्रा आणि जमीनमालकाची लेखी परवानगी जवळ बाळगून. बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याला तर हात लावायचा नाही. कुत्र्याची उपजत ऊर्मी पाहायची असेल तर अमेरिकन केनेल क्लबच्या अर्थडॉग चाचण्या हा चांगला मार्ग आहे. 9 इंची चौकोनी कृत्रिम बोगदा, पहिल्या पातळीला 30 फूट लांब आणि काटकोनी तीन वळणांचा; शेवटी मजबूत पिंजऱ्यात सुरक्षित ठेवलेले उंदीर. कुत्र्याने तिथवर पोचून 60 सेकंद त्यांच्यामागे लागून राहायचं. कुणालाही इजा होत नाही.

महाराष्ट्रात बिळातलं काम हा विषयच नको. खोकड, साळिंदर, मुंगूस, घोरपड हे सगळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे केवळ मारणं नव्हे. हुसकावणं, पाठलाग करणं, पकडणं हेही त्यात धरलं आहे. उरतात गोठ्यातले, गोदामातले उंदीर आणि घुशी. त्यासाठी जॅकच्या तोडीचा कुत्रा नाही. पण आपल्या बांधावरच्या बिळात नाग किंवा घोणस असू शकते, आणि मागे न हटण्यासाठीच पिढ्यान् पिढ्या निवडलेला हा कुत्रा तिथेही मागे हटणार नाही. त्याला बांधावर मोकळा सोडू नका. शेतात झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमॅडिओलोनचं आमिष टाकलं असेल, तर त्या काळात त्याला बांधून ठेवा. त्याने मेलेला उंदीर खाल्ला तरी विषबाधा होऊ शकते. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार कोकणात पावसाळ्यात माणसांनाही होतो. उंदीर मारणाऱ्या कुत्र्याला त्याची लस दरवर्षी हवीच, आणि त्याचं तोंड-अंग धुताना तुमच्या हातावर जखम असेल तर हातमोजे घाला.

पिल्लू बघायला जाल तेव्हा त्याच्या पायांआधी त्याची आई बघा. तिला हातांच्या कवेत मोजून पाहा. तिची छाती मावत नसेल तर पिल्लाचीही पुढे मावण्याची आशा कमी. दोन्ही जातींत डोळ्यातलं भिंग जागेवरून निसटण्याचा आनुवंशिक आजार आढळतो आणि त्याची डीएनए चाचणी उपलब्ध आहे. आई-बाप दोघांचेही अहवाल मागा. पांढऱ्या अंगाच्या जातींत जन्मजात बहिरेपण असू शकतं, त्यामुळे पिल्लं खेळत असताना त्यांच्या पाठीमागून हलकेच टाळी वाजवा आणि कोण वळून बघतं ते पाहा. एका कानाने बहिरं असलेलं पिल्लू या चाचणीत सहज सुटतं, म्हणून जरा जरी शंका आली तरी पैसे देण्याआधी पशुवैद्याकडून कान तपासून घ्या.